भिवराच्या दोऱ्याची गाठ

फार फार वर्षांपूर्वी, घड्याळं यायच्याही आधी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक म्हातारे वैद्यबुवा राहत. त्यांना हाताखाली एक शिष्य हवा होता, एकच. गावची दहा मुलं अंगणात जमली. त्यांत भिवरा होती. वैद्यकी शिकायचा तिने ध्यासच घेतला होता.

वैद्यबुवांनी प्रत्येकाला खडीसाखरेचा सारखाच खडा दिला.

"पेल्यात पाणी घ्या, खडा टाका. हे तळाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात बुडालं, म्हणजे एक घटका झाली, की खडा काढून त्याला दोऱ्याचा एक वेढा द्या आणि वेढा पुरा होईल तिथे गाठ मारा. असं तीनदा. खडा किती झिजला ते मला दोराच सांगेल."

मुलं अंगणातल्या पाण्याच्या हंड्यावर तुटून पडली. भिवराची पाळी येईतो हंडा रिकामा! तिने स्वयंपाकघरातल्या माठातून पेला भरून आणला.

तिसऱ्यांदा पात्र बुडालं. नऊ जणांचे खडे हरभऱ्याएवढे उरले. भिवराचा मात्र चांगला बोराएवढा.

"अगं, गाठ जरा अलीकडे मार," शेजारची सगुणा कुजबुजली. "बुवा दोरे बघणार, खडे थोडेच बघतायत? तुझाच वेगळा निघाला तर घरी पाठवतील तुला."

खरं सांगायचं तर भिवराने गाठ सोडलीसुद्धा. पण खडा समोर ठसठशीत दिसत होता. त्याला नाही कसं म्हणायचं? तिने गाठ होती तिथेच पुन्हा मारली.

वैद्यबुवांनी दहाही दोरे शेजारी शेजारी मांडले.

"हा कुणाचा?"

"माझा," भिवरा रडकुंडीला आली. "माझं काही चुकलं असेल, बुवा. पण मी पाहिलं ते हेच."

"पाणी कुठलं घेतलंस?"

"माठातलं. हंडा संपला होता."

वैद्यबुवांनी माठात बोट बुडवलं. उन्हातल्या तापलेल्या हंड्याला हात लावला. आणि कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे गार पाण्यात साखर सावकाश विरघळते! अरे देवा! थंडीत माझं साखरेतलं औषध लागू पडत नाही, म्हणून मी रोग्यांच्या पथ्याला नावं ठेवत बसलो. औषध बिचारं पेल्याच्या तळाशीच राहत होतं!"

त्या दिवसापासून वैद्यबुवा औषध कोमट पाण्यात देऊ लागले, आणि ऐन थंडीतही रोगी हिंडूफिरू लागले. शिष्य कोण झालं, हे का सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा खलबत्ता घेऊन कुटायला बसली होती.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनोही, आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेच सांगावं, मग ते इतर सगळ्यांपेक्षा वेगळं का असेना.