शुक्रवारचा दिवा

एकदा काय झाले, समुद्रकाठच्या एका गावात भर चर्चमध्ये एका वृद्ध धर्मगुरूंनी देवासमोरचा दिवा स्वतः फुंकर मारून विझवला. जवळून पाहणारा एकच होता, त्यांचा शिष्य इनास. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याचे कारण सांगतो. इनास धर्मगुरू होण्यासाठी शिकत होता आणि ईस्टरच्या आठवड्यात या थोरल्या फादरांकडे मदतीला आला होता. आदल्या पावसाळ्यात त्याची धाकटी बहीण तापाने गेली. तो घरी पोहोचला तेव्हा तिला माती देऊन झाली होती. परत शिकायला आला, तर जो तो समजूत घालायला टपलेला! कोणी म्हणे, देवाला बागेतली चांगलीच फुले लागतात. कोणी म्हणे, ही परीक्षा आहे. विद्वान गुरुजींनी सांगितले, देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले, म्हणून जगात दुःख आहे. आता तापाला कुठले आले इच्छास्वातंत्र्य? पण इनासने मुकाट मान डोलावली. आपल्यालाही ही खोड आहे बरं का. कोणाकडे मयत झाले की दोन शब्द बोलल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्या दोन-दोन शब्दांत हे पोर अगदी एकटे पडले. त्याने मनाशी ठरवून टाकले होते, ईस्टरपर्यंत उत्तर मिळाले तर राहायचे, नाहीतर ट्रंक उचलून कायमचे घरी जायचे.

पवित्र शुक्रवारची रीत अशी. ख्रिस्ताच्या मरणाचा तो दिवस, म्हणून वेदीवरचे कापडसुद्धा काढून ठेवतात. पवित्र भाकर ठेवण्याची वेदीमागची पेटी रिकामी करून तिचे दार सताड उघडे टाकतात, आणि तिच्याजवळ वर्षभर तेवणारा तांबडा दिवा विझवतात. तो पुन्हा पेटतो शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या वेळी.

संध्याकाळी प्रार्थना आटोपून लोक घरी गेले. मागच्या बाकावर एक म्हातारी तेवढी बसून राहिली. इनास झाडलोट करता करता त्या उघड्या पेटीपुढे थबकला. आत काही म्हणजे काहीच नव्हते. त्याला घरी गुंडाळून ठेवलेला बहिणीचा बिछाना आठवला. त्या म्हातारीला तरी कशाला हा भकासपणा, असे स्वतःशीच पुटपुटत त्याने काडी ओढली आणि दिवा लावला.

तेवढ्यात फादर आले. त्यांनी टाचा उंचावल्या आणि फुंकर मारून दिवा विझवला.

"अहो फादर, देवाचा दिवा विझवता?" इनासचा आवाज चिरकला. "मग आज सांगाच मला. देव चांगला आहे ना? त्याला सगळं शक्य आहे ना? मग आठ वर्षांची माझी बहीण तापाने फणफणत होती तेव्हा तो काय करत होता? आणि फुलाबिलांचं सांगू नका, ऐकून ऐकून कान किटलेत!"

फादर गुडघ्यांवर हात टेकून सावकाश वेदीच्या पायरीवर बसले.

"उत्तर माझ्याकडे नाही रे," ते म्हणाले. "इतक्या जणांना माती दिली, पण अजून सापडलं नाही."

"मग देव चांगला आहे, असं कशाच्या जोरावर म्हणता?"

"या रिकाम्या पेटीच्या. ती कोणी नास्तिकाने उघडली नाही, आपणच उघडली. आजच्या दिवशी क्रुसावरून ख्रिस्तानेही बापाला हेच विचारलं, का म्हणून. वरून शब्द आला नाही. देवाने दुःखाचा खुलासा केला नाही, पोरा. तो स्वतः त्यात उतरला, पार मरणापर्यंत. त्याचा चांगुलपणा म्हणून मला एवढाच दाखवता येतो. उद्या दिवा पेटेल, हा माझा भरवसा आहे. पण आज लावलेला दिवा त्याचा नव्हे, आपल्या भीतीचा."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि जिच्यासाठी लावलास ना, ती कात्रीनमावशी. तिचा मुलगा होडीसकट बुडाला. तेव्हापासून ती बाहेर पायरीवरच बसते, आत येते ती फक्त आज. म्हणते, आज देवाचंही घर माझ्या घरासारखंच रिकामं आहे. तू दिवा लावलास आणि ती उठायला लागली, ते पाहिलंस का?"

इनासने वळून पाहिले. म्हातारी पुढच्या बाकाला धरून अर्धवट उभी होती. तो खाली मान घालून तिच्या बाकाशी गेला आणि एका टोकाला बसला. तीही परत बसली. दोघे पेटीच्या उघड्या दाराकडे पाहत राहिले.

"तुझं कोण गेलं रे?" मावशीने विचारले.

"बहीण."

"नाव काय तिचं?"

इतक्या जणांनी समजूत घातली, पण हे कोणीच विचारले नव्हते. "मोनिका," तो म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. मावशी शेजारी बसून राहिली. कोणाच्या घरी असा शुक्रवार आला, तर आपल्याला एवढे जमले तरी पुष्कळ.

शनिवारी रात्री तांबडा दिवा लावला तो इनासनेच. उत्तर मिळाले नव्हते, पण ट्रंकही उचलली नव्हती. दिवा लावून तो वळला. कात्रीनमावशी पायरीवर नव्हती. ती दाराच्या आत येऊन उभी होती.