ठकूमायचं अकरावं गाडगं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. आमच्या सोनखळीत वर्षं मोजायची सवय नव्हती, आणि पाऊस मोजणं तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती सवय लावली ठकू कुंभारणीने. तिच्या पायाला भिंगरी होती असं म्हणतात. आधी नव्हती. आधी ती चार बायकांसारखी दारात बसून मडकी थापटायची.

एका श्रावणात तिचा नवरा गोंदा नदीकाठी माती खणत होता. सोनखळीवर लख्ख ऊन होतं. त्या उन्हातच कोरजाई नदीला लोंढा आला आणि गोंदाला घेऊन गेला. गाव म्हणालं, इथे तर थेंब नाही, हा देवीचा कोप. बायकांनी ठकूच्या बांगड्या दगडावर फोडल्या आणि रीतीप्रमाणे म्हणाल्या, वाढवल्या गं बाई. फुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं, ही आपली जुनी रीत. माझं काय वाढलं, असं ठकूने विचारलं म्हणतात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती नदीच्या कडेकडेने डोंगरात निघाली. वर अकरा वाड्या. प्रत्येक वाडीत विचारी, त्या दिवशी पाऊस किती पडला? लोक म्हणत, लई पडला.

"लई म्हंजे किती?"

लोक म्हणत, लई म्हंजे लई, त्यात काय सांगायचं! आता सांगा, एवढ्यावर कुणाचं समाधान व्हावं? ठकूचं तर नाहीच झालं. बाईने चाकाला हात लावू नये अशी तेव्हाची समजूत. ती सरळ चाकावर बसली आणि तिने अकरा गाडगी घडवली, सगळी सारख्याच तोंडाची, सरळ पोटाची. आतल्या अंगाला तिने आपल्या एकेका बोटाच्या अंतराने रेघा ओढल्या. एकेक गाडगं डोक्यावर घेऊन ती एकेका वाडीवर गेली. उघड्यावर ठेवा, म्हणाली, आणि रोज सकाळी किती बोटं पाणी जमलं त्याची हाळी द्या. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर हाळी द्यायची, की डोंगरचं पाणी पोचायच्या अर्धा दिवस आधी आकडा सोनखळीत पोचायचा. अकरा वाड्यांची मिळून साठ बोटं झाली की नदी वेशीत शिरते, हे तिने चार पावसाळे बघून पक्कं केलं.

पण माणसं ती माणसंच. एका वाडीत म्हैस गाडग्यातलं पाणी पिऊन जायची. पाचोंड्याच्या वाडीतल्या बायकांनी गाडग्याला हळदकुंकू वाहून त्याचा घट केला आणि मोजायचं पाणी तीर्थ म्हणून वाटून टाकलं. ठकूने समजावल्यावर तीर्थ थांबलं, हळदकुंकू थांबलं नाही. उंबरटेंभच्या एका शहाण्याने तर गाडगं भिजू नये म्हणून ते वळचणीखाली ठेवलं! आख्ख्या छपराचं पाणी त्यात पडलं. तिथून वीस बोटांची हाळी आली आणि ठकूने सारं गाव पोराबाळांसकट टेकडीवर चढवलं. नदी जागची हलली नाही. त्यानंतर ठकू दिसली की लोक हसून म्हणत, वळचणीचं पाणी आढ्याला गेलं गं! तिला ते फार लागलं. ती आणखीच चालायला लागली. या वाडीवरून त्या वाडीवर, पाय कसा तो ठरेना.

मग तो पोळा आला. ऊन पडलं होतं. नदीकाठच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण लागलं होतं, नटलेले बैल रांगेत उभे होते, आणि सगळ्यात पुढे हैबती पाटलांचा मानाचा बैल. अख्खं गाव तिथे लोटलं होतं. वरून हाळ्या आल्या. दहा वाड्यांची मिळून बावन्न बोटं. अकरावी हाळी पाचोंड्याची.

"गाडगं वाढलंऽ!"

वाढलं म्हणजे काय? पाणी वाढलं, की गाडगं फुटलं? उलट हाळी दिली, तर दुपार कलताना पुन्हा तेच उत्तर आलं. पाटील म्हणाले, ते त्याला घट मानतात, फुटलं असं तोंडाने म्हणायचे नाहीत, म्हणजे फुटलंच. फुटक्या गाडग्याचं शून्य धरा. बावन्न म्हणजे साठाच्या आत. वाजवा रे वाजंत्री.

ठकू तोरणाखाली येरझाऱ्या घालत होती. पुन्हा चुकली, तर तिचं कुणी कधीच ऐकणार नव्हतं. नाही बोलली, तर गाव गोंदाच्या वाटेने जाणार होतं. तिने पाचोंड्याच्या दोन्ही शेजारच्या वाड्या आठवल्या. एकीचं पाणी नऊ बोटं, दुसरीचं अकरा.

"पाटील, फुटलं म्हंजे कोरडं न्हवं. दोन्ही शेजारी भिजल्यात, मधला कोरडा कसा राहील? धा तरी धरा. बासष्ट झाली."

पाटील हसले. गावही हसलं, वळचणीची आठवण निघाली. तेव्हा ठकूने काय करावं? तिने मानाच्या बैलाचा कासरा पाटलांच्या हातातून हिसकला आणि ती टेकडीकडे पळत सुटली. विधवेने पोळ्याच्या बैलाला हात लावला, केवढा गहजब! पण मानाचा बैल गेला की बाकीच्यांनी मागोमाग जायचं, हे बैलांनाही ठाऊक. सगळी रांग तिच्यामागे निघाली. बैलांमागे धनी धावले, धन्यांमागे शिव्या देत सारं गाव. शेवटची म्हातारी टेकडीवर पोचली आणि खाली नदी आली. भर उन्हात आली. तोरणाची पानं तेवढी पाण्यावर दिसत होती.

पाटलांनी हात जोडले. ठकूचं तिकडे लक्षच नव्हतं.

"वाढलं का फुटलं, बघून येते," म्हणाली, आणि निघाली.

ती पाचोंड्याला पोचली. तिथे गाडग्याचे तुकडे पडले होते, आणि तुकड्यांच्या मधोमध पाणी गाडग्याच्याच आकारात उभं होतं, असं म्हणतात. भोवती भिंत नाही, काही नाही. ठकूने बोटं लावून मोजलं. पंधरा भरली. मग पाणी खाली बसलं, आणि ठकू आणखी वर, घाटमाथ्याकडे चालू लागली. ढगालाच विचारायला गेली असं म्हणतात, लई म्हंजे किती. परत आली नाही.

आता वाड्यावाड्यांवर फोन आहेत. तरी पोळ्याला आमचा मानाचा बैल तोरणाशी थांबतो. अकरा वाड्यांची बोटं कळल्याशिवाय तो पाऊल टाकत नाही. एखादी वाडी बोलली नाही, तर तिचं शून्य कुणी धरत नाही, शेजारच्या दोघींना विचारतात.

आणि आमच्याकडे बांगडी वाढत नाही. फुटली तर फुटली म्हणतात. माझी सून नवी होती, तेव्हा हे ऐकून तिने तोंडावर हात ठेवला होता. आता पोळ्याच्या सकाळी तीच पाचोंड्याला फोन लावते आणि पहिलं वाक्य तेच बोलते, फुटलं असेल तर फुटलं सांगा.