रेड्याची लाथ आणि सागाचं पान

फार वर्षांपूर्वी, सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना, जंगलातल्या डोजोत, म्हणजे कराटेच्या आखाड्यात, रेड्याची काळ्या पट्ट्याची परीक्षा सुरू झाली.

शिकवायला बगळे सर होते. लाथ पुऱ्या जोरात मारायची, पण लागायच्या आधी बोटभर अंतरावर थांबवायची, असा त्यांचा नियम. समोर वाळलेलं सागाचं पान होतं. ते मोडलं की नापास. रेडा आधी चार वेळा नापास झाला होता, तरी रोज पहाटे येऊन सराव करायचा.

"काय रेडेभाऊ, आज पण भुगाच ना?" माकड हसलं.

आज मात्र ते पान वाऱ्याने टिटवीच्या अंड्यावर येऊन पडलं होतं, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. पाणी पिऊन परतणाऱ्या टिटवीने वरून बघितलं, तर रेड्याचा खूर खाली निघालेला! "दादा, थांबा हो! माझं अंडं आहे तिथं!" ती ओरडली, पण इतक्या लांबून ऐकू कसं जाणार?

खूर बोटभर वर थांबला. आणि खालून टक् असा आवाज आला.

रेड्याचे डोळे भरले. "सर, मोडलं."

"पाय हलवू नकोस. बघ नीट."

पान हललं आणि खालून ओलंचिंब पिल्लू बाहेर आलं.

टिटवी धापा टाकत पोचली. "दादा, केवढी ताकद तुमची, आणि केवढी आवरलीत!"

सरांनी पट्टा दिला. गाठ माकडानेच मारली.

तुमच्या ओळखीत कराटेला जाणारं लेकरू असेल, तर त्याला या न लागलेल्या लाथेची गोष्ट नक्की सांगा.