वारा पडला तेव्हा

होडीच्या नांगरालाही तोंड होतं, त्या काळची गोष्ट. नारळी पौर्णिमेला पोशा नाखव्याने समुद्राला नारळ दिला, होडीच्या शिडाला झेंडूचा हार घातला. नांगर खाडीच्या चिखलात होता. त्याची कुणाला आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भणाणणारा वारा एकदम पडला. पाणी तेलासारखं शांत झालं.

"वारा हरला! चला, वल्ही मारत निघू या, बाहेर झुळूक मिळेल!" शीड ओरडलं.

पोशाने दोर ओढला. नांगर हलेना.

"अरे, सोड की चिखल!"

"नाही सोडत," खालून नांगर म्हणाला. "वर वारा पडलाय, पण इथे तळाचं पाणी ओढ घेतंय. लांब कुठेतरी समुद्र खवळलाय. दोराला हात लावून बघ, नाखवा."

पोशाने हात लावला. दोर थरथरत होता. "आज नको," म्हणत त्याने शीड गुंडाळलं.

दुपारी वादळ आलं. होडी त्या एका दोरावर तगली.

आभाळ निवळल्यावर शीड म्हणालं, "नाखवा, माझा हार नांगरदादाला घाल."

"चिखलात कुजेल ना तो," नांगर लाजून म्हणाला.

"कुजू दे. तू धरून ठेवलंस, म्हणून मी फाटलं नाही."

तेव्हापासून वारा पडला, की शीड आधी खाली वाकून विचारतं, "दादा, तुझ्याकडे काय म्हणतोय समुद्र?"