ठकूची डावी सपात

आधीच सांगतो, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्या पोटात घाला. सातवीनंतर माझी शाळा सुटली. मोठे शब्द मला येत नाहीत, साधे आहेत तेच वापरतो. चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून ही गोष्ट कागदावर सांगतोय. गोष्ट आमच्या गावच्या ठकूची आहे. लहानपणापासून ऐकतोय, तरी कुणी सांगायला लागलं की अजून हातातलं काम सोडून बसतो. ऐका तर.

फार वर्षांपूर्वी, गावाला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हाची ही गोष्ट. गावाच्या दोन वाड्या, वरची आणि खालची. मध्ये सडा, म्हणजे काळ्या कातळाचं उघडं रान. झाड नाही, सावली नाही. वैशाखात त्या कातळावर पापड टाकावा आणि भाजलेला उचलावा. सड्याच्या मधोमध कातळाई देवीचं ठाणं आणि तिच्या पायाशी झरा. विहिरी आटल्या की दोन्ही वाड्यांना पाणी तेवढंच. पण कातळाईच्या सड्यावर चामड्याची वहाण चालत नाही. त्यामुळे सगळे अनवाणी जायचे, पहाटे जायचे आणि ऊन चढलं की रिकामी कळशी घेऊन घरात बसायचे.

त्यातच दोन्ही वाड्यांचं भांडण झालं. कशावरून, तर हद्दीवरच्या एका फणसावरून. झाड तुमचं, पण फांदी आमच्यात, मग फणस कुणाचा? शेवटी फणस झाडावरच कुजले, पण भांडण पिकतच गेलं. दोन्ही वाड्यांनी कातळाईची शपथ घेतली की एकमेकांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही.

ठकू खालच्या वाडीतली. नवरा नव्हता. गोधड्या शिवून पोट भरायची. तिची एकुलती एक लेक चिमी वरच्या वाडीत दिली होती, तीही गावकराच्या घरात. तिचा सासरा बारकू गावकर म्हणजे वरच्या वाडीचा शब्द. आणि त्या वर्षी चिमीला पहिल्यांदाच दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक. पण माहेर तर शपथेच्या पलीकडे गेलेलं! चिमीला सातवा लागला. पहाटे झऱ्यावर लांबून दिसायची, तळव्यांचे फोड चुकवत चवड्यांवर चालायची. तिच्या पोटाकडे बघून ठकू परत यायची आणि चूल न पेटवता बसून राहायची.

असं म्हणतात की एक दिवस ठकू अशीच बसली असता पोफळीची एक विरी तिच्यापुढे येऊन पडली. विरी म्हणजे झावळीच्या बुडाचं ते रुंद सालपट. ठकूनं तिच्यावर आपला पाय ठेवला आणि कोळशानं भोवती रेघ ओढली. रेघेवर विरी कापली. मग जुनी लुगडी काढली, थरावर थर रचले आणि दाभणानं गोधडीसारखे दाट टाके घातले. खालून काथ्याची दोरी वेटोळं करून शिवली. वर पदराच्या काठाचा पट्टा घेतला. झाली सपात! तशीच दुसऱ्या पायाची. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठकू कळशी घेऊन सड्यावर निघाली.

सगळा गाव बघायला लोटला. वरची वाडी वरून बघते, खालची खालून.

"ठकू, कातळाई कोपेल गो!" कुणीतरी ओरडलं.

"कशाला कोपेल?" ठकू चालता चालता म्हणाली. "तिला चामडं चालत नाही. कापड चालत नाही, असं कोण म्हणालं? ओटी भरताना तुम्ही तिला खणच घालता ना? का चाबूक घालता?"

आणि ती पाणी भरून परत आली. पायाला एक फोड नाही!

मग काय विचारता! दोन्ही वाड्यांना सपाता हव्या झाल्या. खालच्या वाडीच्या बायका अंगणात आल्या, वरच्या वाडीतल्या बायका झऱ्यावर भेटल्या. ठकूनं सगळ्यांना शिवायला शिकवलं. फक्त वरच्या वाडीला तिनं उजव्या पायाचा साचा दिला आणि खालच्या वाडीला डाव्या पायाचा. म्हणाली, "आधी एक पाय पक्का करा. दुसऱ्याचं मग बघू."

आता तुम्ही म्हणाल, साचा उलटा ठेवला की झाला दुसरा पाय. त्यांनाही ते सुचलं होतं. पण ठकूनं आधीच सांगून ठेवलं होतं, "उलट्या विरीची सपात कातळाईला चालत नाही हां." हे कातळाईनं तिला कधी सांगितलं, ते तिचं तिलाच माहीत!

वरच्या वाडीत उजव्यांचा ढीग झाला आणि खालच्या वाडीत डाव्यांचा. उन्हाचा कहर झाला, पहाटेचं पाणी पुरेना. मग दोन्ही वाड्या भर उन्हात सड्यावर उतरल्या, एका पायात सपात घालून, लंगडी घालत! डोक्यावर हंडे, दुसरा पाय वर. हे वरचे इकडून उड्या मारतायत, ते खालचे तिकडून. पोरं हसून हसून गडबडा लोळली. हंड्यातलं निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. खुद्द बारकू गावकर लंगडी घालताना आपटला आणि घरचा जुना माठ फुटला.

शेवटी एके दुपारी तो कातळाईच्या ठाण्यापाशी आला. मागे सगळी वरची वाडी. ठकू डाव्या सपातांचा ढीग लावूनच बसली होती.

"ठकू, डाव्या दे."

"देते की. पहिली माझ्या चिमीच्या पायात घालीन. उजवी तुम्ही घाला. ती माहेरी चालत येऊ दे, मग ढीग तुमचा."

"शपथ आहे, ठकू."

"शपथ फणसासाठी घेतली होती, व्याही. पोटातल्या लेकरानं कुठं फणस खाल्लाय?"

लोक हसले. बारकू हसला नाही. कातळाईच्या नावाची शपथ, ती मोडणार कोण?

मग ठकू उठली. तिनं पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या आणि त्या तापल्या कातळावर अनवाणी उभी राहिली. म्हणाली, "कातळाये, तुझी शपथ मी मोडते. चूक असेल तर माझे तळवे करपव. माझ्या लेकीचे नको."

ठकू उभीच राहिली. ऊन माथ्यावर आलं, कललं, तरी ती हलली नाही. बायका रडायला लागल्या. बारकूनं खाली वाकून कातळाला हात लावला, चटका बसून मागे घेतला. मग भीत भीत ठकूच्या पावलाशेजारी हात लावला. असं म्हणतात की तिथला कातळ माठाच्या बुडासारखा गार होता, आणि ठकूच्या टाचांखालून पाणी पाझरत होतं!

"गार आहे!" बारकू ओरडला. "अरे, गार आहे!"

आणि मग त्यानं जे केलं ते तोवर कुणी ऐकलं नव्हतं. गावकर, वरच्या वाडीचा शब्द, सुनेपुढे गुडघे टेकून बसला. चिमी लाजेनं मागे सरली. त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या उजव्या पायात सपात घातली. डावी ठकूनं घातली. आणि चिमी सड्यावरून माहेरी चालत आली, पूर्ण पाऊल टेकून.

त्या दिवशी सड्यावर नुसता गोंधळ! उजव्या इकडे, डाव्या तिकडे, हिला मोठी, तिला लहान. एक जोड सारख्या रंगाची जमली नाही. एका पायात वरच्या वाडीचं लुगडं, दुसऱ्यात खालच्या वाडीचं. चिमीला मुलगी झाली. फणसाखाली दोन्ही वाड्यांचं जेवण झालं.

ठकू मेली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. एका वैशाखात ती दुपारची पाण्याला गेली ती दिसलीच नाही, असं म्हणतात. कातळाईपुढे खडकात दोन अनवाणी पावलांचे खळगे आहेत. उन्हाळ्यातही त्यांत ओंजळभर पाणी असतं. आमची पोरं ते पिऊन बघतात. मीही प्यायलोय. गोड आहे.

तेव्हापासून आमच्या गावात पहिलटकरीण माहेरी निघते ती ठकूच्या सपाता घालून. उजवी सासरचे शिवतात, डावी माहेरचे. विकत आणायच्या नाहीत. सड्याच्या मधोमध, त्या खळग्यांपाशी, उजवी सासऱ्यानं घालायची आणि डावी माहेरच्या माणसानं.

यंदा माझ्या बहिणीला, वनिताला, सातवा लागला. ती वरच्या वाडीत दिलेली. बाबा नाहीत, आईला आता दाभणात दोरा दिसत नाही. म्हणून डावी सपात मी शिवली, आईच्याच जुन्या लुगड्याची. आईनं बोटं फिरवून टाके चाचपले आणि म्हणाली, "अरे, सपात शिवलीस का बैलाची झूल?" पण शिवण कुठं उसवते का, हे तिनं ओढून बघितलं आणि गुंडाळायला टॉवेल पुढे केला. टॉवेल पुढे केला म्हणजे पास झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सपात टॉवेलात गुंडाळून सड्यावर गेलो. वनिताचे सासरे खाली बसले, त्यांनी उजवी घातली. मग मी बसलो. डावी तिच्या पायात चढवली.

"सैल आहे रे, दादा," वनिता म्हणाली.

"पुढे पाय सुजतात, म्हणून बोटभर जास्त धरलीय," मी म्हणालो. सगळ्यांसमोर एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. मग तिची पिशवी खांद्याला लावली आणि तिच्या डाव्या बाजूनं चालायला लागलो.