महाराजांच्या फोनातला कोंबडा

खडकवेलच्या बहिर्जीराव महाराजांचा लाडका कोंबडा मेला आणि महाराजांना पहाटे जाग येईना. कोंबड्याची बांग त्यांनी आपल्या जुन्या फोनात रेकॉर्ड करून ठेवली होती. तीच गजराला लावायला गेले, तर फोनवर अक्षरं उमटली: या आवाजाला परवानगी नाही.

"राज्य माझं, फोन माझा, कोंबडा माझा," महाराज म्हणाले. "परवानगी कोणाची हवी?"

"कंपनीची," दिवाण म्हणाले.

कंपनीनं फोनला घातलेलं कुलूप मोडून त्यात हवं ते घालून देणारा माणूस राज्यात एकच, महादू तांबट. तो नेमका कोठडीत होता. त्याचं असं झालं, फोन घेताना महाराजांनी कंपनीचा चाळीस पानी करार न वाचताच 'मान्य'वर बोट ठेवलं होतं. आता राजाच तो. त्यानं करारातलं कुलूप न मोडण्याचं कलम मान्य केलं म्हणजे तो कायदाच झाला. ज्याच्या हातून फोनचं कुलूप मोडेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत राज्याची हद्द सोडायची. महादूनं बाजारातल्या बायकांचे जुने फोन मोकळे करून दिले होते, आणि उद्या तो हद्दपार होणार होता.

त्याची मुलगी सगुणा दरबारात आली. बापाशिवाय तिला कोणी नव्हतं. रडू येत होतं, पण ते तिनं घरी गेल्यावरसाठी ठेवलं.

"महाराज, बाबांना सोडा. कोंबडा मी आरवून दाखवते."

"आरवला तर सोडीन. पण माझ्या प्रजेतल्या कोणाच्याही हातून कुलूप मोडता कामा नये. मोडलं, तर बापाबरोबर तूही चालायला लाग."

दिवाण मिशीतल्या मिशीत हसले.

"चालेल," सगुणा म्हणाली. "मला कचेरीतला तो जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर मागवून द्या."

त्या कॉम्प्युटरवर कचेरीतले कारकून रुमाल वाळत घालत. तो रुमालासकट आला. सगुणानं बापाचा पेन ड्राइव्ह त्याला लावला आणि केबलचं दुसरं टोक महाराजांच्या हाती दिलं.

"फोनला तुम्हीच जोडा. राजाच्या फोनला प्रजेनं कशाला हात लावायचा?"

हे महाराजांना पटलं.

"जुन्या फोनच्या कुलपात कारखान्यातच एक फट राहून गेलीय," ती म्हणाली. "ती आता कंपनीलाही बुजवता येत नाही. फक्त तिथं कॉम्प्युटरमधून जावं लागतं. दोन्ही बटणं दाबून धरा. मी दहा म्हटलं की वरचं सोडा, खालचं धरून ठेवा."

पहिल्या वेळी महाराजांनी एकही सोडलं नाही. दुसऱ्या वेळी दोन्ही सोडली. धरलेल्यातलं अर्धंच सोडायचं, ही सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. तिसऱ्या वेळी जमलं.

"आता कॉम्प्युटरवरचं हे मोठं बटण."

महाराजांनी तेही दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. फोन विझला, पुन्हा लागला. सगुणा सांगत गेली तिथं तिथं महाराज बोट ठेवत गेले, आणि भर दुपारी दरबारात कोंबडा आरवला.

महाराजांना भरून आलं. त्यांनी कारकुनाच्या रुमालानं डोळे पुसले.

"कुलूप मोडलं," दिवाण म्हणाले. "पोरीला हद्दपार करा."

"मी फोनला बोटही लावलं नाही, दिवाणजी. प्रजेतल्या कोणीच लावलं नाही."

"मग मोडलं कोणाच्या हातून?"

सगळ्या दरबारानं महाराजांच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे पाहिलं.

"कायदा पाळायचा तर बाबाही उद्याच निघतायत, महाराज," सगुणा म्हणाली. "बरं झालं, एकमेकांना सोबत होईल. भाकऱ्या मी दोघांच्या बांधून देते."

महाराजांनीही आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते इतके हसले, की फोन हातातून निसटून गादीवर पडला.

"कायदा रद्द करा," ते म्हणाले. "मला कुठं चालवतंय हद्दीपर्यंत!"

महादू त्याच दिवशी सुटला. सगुणाला तो कॉम्प्युटर आणि राजवाड्याच्या दारात दुकानाला जागा मिळाली. कोंबडा रोज साडेचारला आरवतो. दिवाणांचं घर राजवाड्याच्या भिंतीला लागूनच आहे. आवाज कमी करावा, असा त्यांनी रीतसर अर्ज दिला, तेव्हा महाराजांनी त्यावर स्वतःच्या हातानं शेरा मारला: परवानगी नाही.