आबांनी ठोकलेले खुंट

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर थोडे आणि राजे उदंड होते, त्या काळची ही गोष्ट.

एका मोठ्या डोंगरावर मेंढपाळ राहत. त्यांची बोली एक, गाणी एक. पण डोंगर चार राजांनी वाटून घेतलेला. वाटणी करताना मेंढपाळांना कोणी विचारलं नव्हतं. राजांमध्ये तशी रीतच नसते.

मेंढपाळांचा वडीलधारा होता, त्याला सगळे आबा म्हणत. आबांच्या लेकीचं सासर समोरच्या उतारावर, हाकेच्या अंतरावर. पण मध्ये दोन राजांच्या चौक्या. लेक बाळंत झाली, तेव्हा आबांनी कड्यावरून ओरडून विचारलं, "मुलगा की मुलगी?" उत्तर ऐकू आलं, पण नातीचं तोंड काही दिसलं नाही.

"आपला डोंगर आपला व्हावा," एवढंच आबांचं मागणं होतं. आणि ते मागणं खरं होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडे. मग मेंढपाळ खोऱ्यात उतरत आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवत. लेंड्यांनी रान कसदार होई, बदल्यात धान्य मिळे. कधी शिपाई मागे लागले, तर हेच शेतकरी मेंढपाळांची लेकरं आपल्या घरात लपवत. खोऱ्यातल्या एका विधवेच्या रानात आबांच्या मेंढ्या दरसाल बसत. ती आबांना बापासारखं मानी.

एकदा चारही राजे आपसात भिडले. त्यांतला एक आबांकडे आला. "खिंडी राखा, मला जिंकून द्या. डोंगर तुमचा. सीमाही तुम्हीच आखा."

मेंढपाळांनी खिंडी राखल्या. कितीतरी तरणी पोरं कामी आली. राजा जिंकला आणि आबा खुंट घेऊन सीमा आखायला निघाले.

पायथ्याशी ते थांबले. तेव्हा सोबतचे म्हणाले, "आबा, हिवाळ्यात जायचं कुठं? जिथं आपल्या मेंढ्या बसल्या, ती भुईबी आपलीच की!"

आबांना ते पटलं नाही. पण गेलेली पोरं डोळ्यांपुढे आली आणि थोडक्यावर समाधान मानणं जड गेलं. खुंट खोऱ्यात उतरले. विधवेच्या रानापलीकडच्या बांधावर आबांनी शेवटचा खुंट ठोकला.

ती धावत आली. "आबा, हे काय करताय?"

"पोरी, तुला कोण काढतंय? तू राहा की सुखानं."

"माझ्याच रानात मी राहायचं, हे तुम्ही सांगायचं?" ती म्हणाली. "तुम्हाला डोंगर मिळाला म्हणून कालच मी घरोघर गूळ वाटला, आबा."

आबांनी मान खाली घातली, पण खुंट उपटला नाही.

शेतकरी गाऱ्हाणं घेऊन इतर राजांकडे गेले. राजांनी झटपट आपलं वैर मिटवलं. जिंकलेला राजाही त्यांना जाऊन मिळाला. "मी डोंगर देऊ केला होता, रानं नव्हेत," म्हणत त्याने हात झटकले. शब्द मोडायला त्याला निमित्त हवंच होतं. ते आबांनी आपल्या हाताने दिलं. शिपायांनी रानातले खुंट उपटले आणि डोंगरावरचेही उपटले.

त्या हिवाळ्यात मेंढपाळ लेकरं घेऊन खोऱ्याकडे पळाले. मागे शिपाई. एकही दार उघडलं नाही. विधवेच्या रानाभोवतीही काटेरी कुंपण होतं. तिने घागर आणून कुंपणावरूनच लेकरांना पाणी पाजलं.

"आत घे गं पोरी."

"घेतलं असतं, आबा. पण सारं गाव म्हणतं, आत घेतलेला पाहुणा रान मागतो. त्यांना काय सांगू?" तिला रडू आवरेना.

आबांनी एका लेकराला खांद्यावर घेतलं. ते पुढे चालू लागले.

बर्फ वितळल्यावर मेंढपाळ डोंगरावर परतले, पण राजांनी समोरच्या उतारावरची वस्ती लांब हलवली. आबा मरेपर्यंत कड्यावर जाऊन लेकीला हाक मारत. पलीकडून ओ येत नसे.

म्हणून सांगतो: आपलं घर हक्काने मागावं, पण त्याच्या कुंपणात शेजाऱ्याचं अंगण ओढू नये, नाहीतर घरही जातं आणि शेजारही.